भूकंपाचा अलर्ट फोनवर येतो, मग दरडीचा का नाही?

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे हायवेने चौककडे निघालं की इर्शाळगडाचा सुळका दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच गडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले. त्याआधी २०१४ मध्ये माळीण आणि २०२१ मध्ये तळिये.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, गूगलने भारतात अँड्रॉइड फोनवर भूकंपाचे अलर्ट सुरू केले. तेव्हा ऑफिसमधल्या बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारला: भूकंप कळतो, तर दरड का नाही कळत? प्रश्न रास्त आहे. उत्तर समजून घेऊया.

भूकंपाचा अलर्ट म्हणजे भविष्य नाही

भूकंप कधी होणार हे कुणालाच आधी सांगता येत नाही. फोन तो झाल्यावरच पकडतो. स्क्रीन आडवी-उभी फिरवणारा अ‍ॅक्सेलरोमीटर जमिनीचा धक्काही ओळखतो. एका भागातले स्थिर पडलेले अनेक फोन एकाच वेळी हलले की सर्व्हरला भूकंपाचा अंदाज येतो.

पुढचा खेळ वेगाचा. जास्त नुकसान करणाऱ्या एस लाटा सेकंदाला साधारण ३.५ किलोमीटर जातात, इंटरनेटवरचा मेसेज त्याहून कितीतरी वेगाने. कोयना पनवेलपासून सरळ रेषेत सुमारे १९० किलोमीटरवर आहे. ११ डिसेंबर १९६७ सारखा भूकंप तिथे पुन्हा झाला, तर त्या लाटा पनवेलला पोचायला ५० सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागेल. ओळख पटायला जाणारे काही सेकंद वजा केले, तरी टेबलाखाली शिरण्याइतका वेळ उरतो. खुद्द कोयनेत मात्र जवळपास काहीच उरत नाही.

दरडीला ही सवलत नाही

दरड एका डोंगरउतारावर घडते आणि खालचं घर काही सेकंदांच्या अंतरावर असतं. तिथले फोन हलतील तेव्हा उशीर झालेला असेल. म्हणजे इथे इशारा घटना घडायच्या आधीच द्यावा लागतो.

सह्याद्रीत खाली कठीण बेसॉल्ट आणि वर त्याची झीज होऊन बनलेला मातीचा, दगडगोट्यांचा थर असतो. हा थर घर्षणाने आणि मातीच्या चिकटपणाने उतारावर टिकून असतो. सलग पाऊस पडला की पाणी आत मुरतं, पण खालच्या कठीण खडकातून पटकन निघून जात नाही. कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते. वरचं वजनही वाढलेलं असतं. एका क्षणी सगळा थर सुटतो.

मग पाऊस मोजून अंदाज बांधता येईल ना?

प्रयत्न तोच आहे. १९८० मध्ये नेल केन या संशोधकाने जगभरातल्या ७३ घटनांवरून एक किमान रेषा काढली: किती तास, किती जोराचा पाऊस झाला की उथळ दरडी सुरू होतात. त्या सूत्रात ७२ तास टाकले तर उत्तर येतं सुमारे २०० मिलिमीटर. इर्शाळवाडी परिसरात तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचं विधानसभेत सांगितलं गेलं.

म्हणजे अलर्ट सोपा? नाही. कोकणात तीन दिवसांत २०० मिलिमीटर पाऊस दर पावसाळ्यात होतो आणि बहुतेक उतार जागचे हलत नाहीत. या आकड्यावर नोटिफिकेशन पाठवलं तर चौथ्या वेळी लोक ते म्यूट करतील. मर्यादा वाढवली तर खरी दरड सुटेल. स्पॅम फिल्टरमध्ये असाच पेच असतो, पण तिथे फार तर एखादा मेल हरवतो.

शिवाय नेमका कुठला उतार? इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. त्यामुळे प्रत्येक भागाची स्वतःची मर्यादा, जवळचे पर्जन्यमापक आणि उतारात बसवलेले सेन्सर लागतात. केरळात मुन्नारला अमृता विद्यापीठाने असे वायरलेस सेन्सर बसवले आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९ जुलै २०२४ ला, म्हणजे इर्शाळवाडीच्या बरोब्बर एक वर्षाने, कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन अंदाज केंद्र सुरू केलं.

तुम्ही आज काय कराल?

- सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ उघडा, ‘अर्थक्वेक अलर्ट्स’ आणि लोकेशन चालू ठेवा.
- राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ अ‍ॅप घ्या. अतिवृष्टीचे इशारे त्यावर येतात.
- कुठे दरड दिसली तर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूस्खलन’ अ‍ॅपवर नोंदवा. मर्यादा ठरवायला असाच डेटा लागतो.
- पावसाळी ट्रेकला किंवा डोंगराखालच्या गावी असाल तर जमिनीला पडलेल्या नव्या भेगा, कललेली झाडं आणि खांब, अचानक गढूळ झालेला झरा, अडकायला लागलेले दरवाजे याकडे लक्ष द्या. यातलं काही दिसलं तर फोटो काढत बसू नका. उतारापासून बाजूला व्हा, इतरांना हलवा आणि मग ११२ ला फोन करा.

भेगा आणि गढूळ झरा ओळखणारं नोटिफिकेशन सध्या कुठल्याच फोनवर येत नाही. त्या वाडीत राहणाऱ्या माणसाला मात्र ते दिसतं. हा लेख फॉरवर्ड करायचाच असेल तर आधी त्याला करा.