नाव नव्हे, ठसा

संगणक-प्रणालीच्या स्रोतसंहितेतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे 'गिट' हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या विकासासाठी तयार केले, तेव्हा त्यांनी फायलींची ओळख नावावरून नव्हे, तर मजकुरावरून ठरवली. कितीही मोठ्या मजकुरावर ठरावीक गणिती प्रक्रिया करून काढलेल्या ठरावीक लांबीच्या आकड्याला 'हॅश' म्हणतात. गिटने निवडलेल्या 'शा-१' पद्धतीत तो १६० बिटांचा, म्हणजे ४० चिन्हांचा असतो, आणि मजकुरातील एक स्वल्पविराम हलला तरी तो ओळखू न येण्याइतका बदलतो.

खरी खुबी या हॅशांच्या साखळीत आहे. प्रत्येक नोंदीत त्या क्षणीच्या फायलींचा आणि आधीच्या नोंदीचा हॅश समाविष्ट असल्यामुळे जुन्या इतिहासात गुपचूप फेरफार केल्यास पुढचे सारे हॅश बदलतात. म्हणूनच प्रकाशक आपल्या खासगी किल्लीने, म्हणजे फक्त त्याच्याकडे असलेल्या गुप्त संख्येने, शेवटच्या आवृत्तीवर डिजिटल स्वाक्षरी करतो, तेव्हा तिच्यामागचा संपूर्ण इतिहासही त्या एका स्वाक्षरीखाली येतो.

मात्र ही स्वाक्षरी हॅशइतकीच भक्कम असते, हे अनेकदा विसरले जाते. २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांच्या संशोधकांनी एकच शा-१ हॅश असलेल्या दोन भिन्न पीडीएफ फायली तयार करून दाखवल्या. गिटमध्ये अशी टक्कर ओळखणारी तपासणी लगोलग बसवण्यात आली. २५६ बिटांच्या 'शा-२५६'कडे जाण्याचे काम मात्र, जुन्या भांडारांशी सुसंगती राखायची असल्याने, संथपणेच चालले.