वाढ रोखून धरणारे नर

ओरांगउटान या वानराचा पूर्ण वाढलेला नर ओळखायला वेळ लागत नाही. गालांच्या दोन्ही बाजूंना रुंद मांसल कडा, गळ्याखाली लोंबणारी पिशवी, अंगभर लांब केस आणि वजन मादीच्या जवळजवळ दुप्पट. त्याची दीर्घ हाक घनदाट जंगलातही किलोमीटरभर ऐकू जाते. सुमात्रा बेटावर त्याच जंगलात आणखी एका प्रकारचे नर राहतात. वयाने ते प्रौढ असतात, पण अंगाने साधारण मादीएवढेच. गालाच्या कडा नाहीत, ती हाकही नाही. काही नर या अवस्थेत दहा-दहा वर्षं, कधी त्याहूनही अधिक काळ काढतात आणि मग थोड्याच काळात त्यांचं रूप पालटतं.

दांडग्या नराच्या धाकाने यांच्यावर सतत ताण येतो आणि त्या ताणामुळे वाढ खुंटते, असा पूर्वी समज होता. तो तपासण्यासाठी अ‍ॅन मॅगिओनकाल्डा, रॉबर्ट सापोल्स्की आणि नॅन्सी चेकाला या संशोधकांनी प्राणिसंग्रहालयांतल्या नरांच्या लघवीतली संप्रेरकं मोजली. निष्कर्ष उलटाच निघाला. वाढ थांबलेल्या नरांत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं नव्हतं. ते जास्त होतं वाढीच्या ऐन भरात असलेल्यांत. थांबलेल्या नरांत शुक्रजंतू तयार होण्याइतकी संप्रेरकं होती. कमी होती ती गालाच्या कडा आणि भारदस्त शरीर घडवायला लागणारी, टेस्टोस्टेरॉनसारखी. म्हणजे प्रजननक्षमता आणि देहाची वाढ या दोन गोष्टी इथे एकमेकींपासून सुट्या झाल्या आहेत. मला या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

मग अशा नरांना पिल्लं होतात का? होतात. सुमात्रातल्या केताम्बे इथे पितृत्वाच्या जनुकीय चाचण्या झाल्या. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळपास निम्मी पिल्लं या लहानखुऱ्या नरांची निघाली. ज्याला आपण व्यंग समजत होतो, ती उत्क्रांतीत टिकलेली एक रीत आहे. मोठा देह पोसायला अन्न लागतं, आणि मोठं दिसणं म्हणजे दुसऱ्या मोठ्या नराला आव्हान देणं. हरण्याची शक्यता असेल तेव्हा लहान राहणंच परवडतं.

बोर्निओ बेटावर मात्र बहुतेक नर असे फार काळ थांबत नाहीत. सुमात्रात फळं अधिक, त्यामुळे एकच बलाढ्य नर अनेक माद्यांवर वर्चस्व ठेवू शकतो आणि इतरांना वाट पाहणं भाग पडतं, असं काही अभ्यासक मानतात.

या गोष्टी रानात तपासणं कष्टाचं असतं. बोर्निओतल्या गुनुंग पालुंग इथे संशोधक शेरिल नॉट आणि त्यांचे सहकारी पहाटे ओरांगउटानच्या घरट्याखाली प्लास्टिक अंथरून लघवी गोळा करतात. फळांच्या टंचाईत त्या लघवीत कीटोन सापडले, म्हणजे प्राणी अंगातली चरबी जाळून दिवस काढत होते. पिंजऱ्यात रोज वेळेवर खाणं मिळणाऱ्या प्राण्यात हे दिसणार नाही, आणि वाढीचा हिशेब तर अशा भुकेच्या दिवसांशीच बांधलेला असतो.

एका नराचं रूपांतर पाहायला एकाच जंगलात वर्षानुवर्षं राहावं लागतं, आणि त्यासाठी ते जंगल टिकायला हवं. ओरांगउटानच्या तीनही प्रजाती आज अतिसंकटग्रस्त आहेत. त्यांच्या जंगलांची मोठी तोड पाम तेलाच्या लागवडीसाठी झाली, आणि जगात सर्वाधिक पाम तेल आयात करणारा देश भारत आहे.