दोघेही आपलेच!

टेनिसच्या सामन्यात प्रेक्षकाला एक मोठी सोय असते. एक खेळाडू आपला, दुसरा परका. टाळ्या कुणासाठी वाजवायच्या हा प्रश्नच उरत नाही. पण दोघेही एकाच देशाचे निघाले, म्हणजे मग बिचाऱ्या प्रेक्षकाने करावे तरी काय?

हा पेच ३० जानेवारी २००९ रोजी आमच्या नेरूळच्या घरात उभा राहिला. ऑस्ट्रेलियन स्पर्धेची उपान्त्य फेरी. एका बाजूला जगातला पहिल्या क्रमांकाचा राफेल नदाल, दुसऱ्या बाजूला चौदावे मानांकन मिळालेला फर्नांडो व्हर्डास्को. दोघेही स्पेनचे, आणि दोघेही डावखुरे!

सामना सुरू झाला तेव्हा आपल्याकडे दुपार होती, मी कचेरीत होतो. संध्याकाळी गाडीत बसलो तरी तो चालूच! मानखुर्दला चिरंजीवांचा फोन आला, "बाबा, चौथा सेट टायब्रेकवर!" गाडी वाशीच्या खाडीपुलावर आली तोच दुसरा फोन, "व्हर्डास्कोने ७-१ ने घेतला!" दोन-दोन सेटची बरोबरी. नेरूळ स्टेशनापासून घर मी जवळजवळ धावतच गाठले.

दार उघडले, तो समोर दादा! गिरगावातली वडिलांची खोली विकण्यावरून आम्हा भावांत सहा महिने अबोला होता. तो राहायचा खालच्याच मजल्यावर. पण जिन्यात भेटला तरी मान फिरवून जाई. आज त्याचा टीव्ही बिघडला होता म्हणे. मी मुकाट्याने शेजारी बसलो.

चिरंजीव नदालचे, दादा व्हर्डास्कोचा.

"नोव्हेंबरात नदाल जायबंदी होता, तेव्हा अर्जेंटिनात जाऊन डेव्हिस कपचा निर्णायक सामना कुणी जिंकला? यानेच ना?" दादा पडद्याकडे पाहत म्हणाला. "पण नाव नदालचेच!"

मी काही बोललो नाही. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात मी नोकरीनिमित्त नागपूरला होतो. दवाखान्यातल्या साऱ्या रात्री दादानेच जागून काढल्या होत्या.

पाचव्या सेटमध्ये नदाल ५-४ ने पुढे. व्हर्डास्कोची सर्व्हिस, आणि गुण ०-४०! त्याने दोन मॅचपॉइंट वाचवले. आईच्या हातातली जपमाळ थांबली. आणि तिसऱ्या वेळी डबल फॉल्ट! ९५ विजयी फटके मारणारा गडी शेवटी स्वतःच्याच चुकीने हरला. खेळ चालला होता ५ तास १४ मिनिटे. जिंकलेल्या नदालने जाऊन त्याला घट्ट मिठी मारली.

"एवढी माया होती, तर मग इतका वेळ भांडले कशाला?" आईने विचारले. तिने पडद्याला विचारले की आम्हाला, कोण जाणे! दादाने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "घे, निवतोय," एवढेच म्हणाला.

दोन दिवसांनी नदालने फेडररलाही पाच सेटमध्ये हरवून विजेतेपद मिळवले. तो सामना आम्ही सगळ्यांनी दादाच्या घरी पाहिला. टीव्ही मुळी बिघडलाच नव्हता!