बाळ दूध टाकते तेव्हा

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने तान्ह्या बाळाच्या दूध टाकण्यावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना हसू येईल. विषय वैद्यकाचा आहे आणि तो डॉक्टरांनी हाताळावा, हे खरेच. परंतु गेल्या वर्षी माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. त्या चार महिन्यांत मला असे दिसून आले की, हा प्रश्न बाळाच्या पोटाचा जेवढा आहे, तेवढाच आपल्या विचार करण्याच्या सवयीचाही आहे. तर्कशास्त्राच्या तासाला आपण जी एक चूक पाठ करतो, तीच आमच्या घरात रोज होत होती आणि तिची किंमत ताई अर्धपोटी राहून मोजत होती. म्हणून हा लेख.

बाळ तीन आठवड्यांचे झाले आणि दूध टाकू लागले. पाजून खांद्यावर घेतले की भळकन दूध बाहेर येई. कधी पातळ, कधी दह्यासारखे फाटलेले. आजीने निदान केले की, ताईच्या खाण्यातले काहीतरी बाळाला बाधते आहे. प्रथम वांगे आणि हरभऱ्याची डाळ बंद झाली. मग केळे गेले, मग आंबट, मग तिखट. एखाद्या दिवशी बाळ कमी ओके; त्या दिवशी आदल्या दिवशी बंद केलेला पदार्थ दोषी ठरे. दोन दिवसांनी पुन्हा ओके, की नव्या पदार्थावर संशय येई. महिनाभरात ताईच्या ताटात मऊ भात, मुगाचे वरण आणि बाजरीची भाकरी एवढेच उरले. चैन म्हणून दोन वेळचा दुधाचा चहा तेवढा राहिला होता. त्यातच शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "अंगावरचं दूधच बाधतंय त्याला. सरळ डब्याचं सुरू करा." त्या रात्री ताईने मला विचारले, "माझंच दूध वाईट आहे का गं?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडावी आणि कावळ्याच्या भाराने फांदी तुटली असे आपण म्हणावे, याला आपल्या शास्त्रकारांनी काकतालीय न्याय म्हटले आहे. एका गोष्टीमागून दुसरी घडली, एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. आमच्या घरी रोज नवा कावळा उडवला जात होता. फांदी मुळात का हलते, हे मात्र कोणी पाहत नव्हते.

तेव्हा प्रथम ते पाहू. आपल्या घशातून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका जेथे जठराला मिळते, तेथे स्नायूंचे एक वळे असते. अन्न खाली उतरले की ते आवळते आणि अन्न वर येऊ देत नाही. तान्ह्या बाळात हे वळे अजून पुरते तयार झालेले नसते. ते वरचेवर सैल पडते. बाळाची अन्ननलिका आखूड, जठर लहान, आहार सगळा पातळ, आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवे राहण्यात जाणारा. दुधाबरोबर गिळलेली हवा बाहेर पडताना वाटेतले दूधही सोबत आणते. झाकण सैल असलेली भरली बाटली आडवी केली, तर दुसरे काय होणार? वर आलेले दूध फाटलेले असते, कारण जठरातल्या आम्लाने ते फाटते. ते पचनाचेच पहिले पाऊल होय. आईचे दूध नासल्याची ती खूण नव्हे.

हे किती बाळांत घडते? अमेरिकेत शिकागो परिसरातील ९४८ बाळांच्या पालकांकडून घेतलेली माहिती १९९७ साली प्रसिद्ध झाली. त्यात तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांपैकी निम्मी बाळे दिवसातून निदान एकदा दूध टाकीत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण शेकडा ६७ वर गेले आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत शेकडा ५ वर उतरले. म्हणजे चौथ्या महिन्यात दूध न टाकणारे बाळच अल्पसंख्य ठरते! बाळ बसू लागले, घट्ट अन्न खाऊ लागले, वळे बळकट झाले, की हा त्रास बहुतेकांचा आपोआप सरतो. वजन वाढत असलेले आणि ओकूनही हसणारे बाळ आजारी नसते. वाढते ते काम फक्त धुण्याचे.

पडलेले दूध नेहमी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. मी स्वतः एक चमचा दूध पंचावर ओतून पाहिले. ओला डाग तळहाताएवढा झाला. "सगळं प्यायलेलं बाहेर आलं" असे आम्ही ज्याला म्हणत होतो, ते बहुधा तेवढेच असावे.

आता आईच्या आहाराकडे वळू. आईच्या खाण्याने दूध बिघडते, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेत स्तन्याचे आठ दोष सांगितले आहेत. तेव्हा आजीला हसण्याचे कारण नाही. शिवाय तिच्या म्हणण्यात एक अंश सत्याचाही आहे. आईने घेतलेल्या गाईम्हशीच्या दुधातील प्रथिनांचा अगदी सूक्ष्म भाग न पचता तिच्या रक्तात आणि तेथून अंगावरच्या दुधात उतरू शकतो. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचे प्रथिन गाईच्या दुधात असते. मानवी दूध ते स्वतः तयार करीत नाही. तरीही अनेक मातांच्या दुधात ते सापडले आहे, पण मिलिलिटरला ग्रॅमचे काही अब्जांश इतक्या अल्प प्रमाणात. बहुसंख्य बाळांना त्याचे काहीच होत नाही. थोड्या बाळांचे शरीर मात्र त्याला शत्रू समजते. यालाच डॉक्टर ॲलर्जी म्हणतात आणि आपण वावडे म्हणतो.

अशी बाळे किती? डेन्मार्कमधील ओडेन्स येथे १९८५ साली जन्मलेल्या १,७४९ बाळांवर वर्षभर लक्ष ठेवण्यात आले. त्याचा वृत्तान्त १९८८ साली प्रसिद्ध झाला. गाईच्या दुधाचे वावडे निघाले ३९ बाळांना, आणि केवळ अंगावर पीत असताना ते दिसले फक्त ९ बाळांत. दोनशे बाळांमागे एक, असे हे प्रमाण पडते. आणखी एक गोष्ट जुन्या नोंदी तपासताना आढळली. त्या नऊही बाळांना जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत रुग्णालयात वरचे दूध पाजले गेले होते. एवढ्यावरून कारण सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. नाहीतर मीही कावळ्याच्याच मागे लागेन. परंतु पहिल्या दिवसांत गरज नसता वरचे दूध देऊ नये, एवढा सावधपणा त्यातून नक्कीच घेता येतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुधातील प्रथिन वेगळे आणि दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, वेगळी. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ७ ग्रॅम दुग्धशर्करा असते. गाईच्या दुधापेक्षाही जास्त. ती आईच्या शरीरातच तयार होते. आईने दूध-दही सोडले म्हणून ती कमी होत नाही. मोठ्या माणसाला दूध पचत नाही आणि बाळाला दुधाचे वावडे आहे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग वावडे ओळखावे कसे? नुसते दूध टाकणे ही त्याची खूण मानता येत नाही. त्याच्या जोडीला शौचात शेंबडासारखा चिकट पदार्थ व रक्ताची रेघ, अंगावर न हटणारा खरबरीत पुरळ, सतत पातळ शौच, पिताना कळवळून तोंड फिरवणे किंवा वजन न वाढणे यांपैकी काही असेल, तर संशय घेण्यास जागा आहे. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास घुरघुरणे असे एकाएकी झाले, तर घरी प्रयोग करीत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

आमचे बाळ सहा आठवड्यांचे असताना एका सकाळी दुपट्यावर रक्ताची बारीक रेघ दिसली. घर हादरले. डॉक्टरीणबाईंनी प्रथम बाळाला वजनाच्या काट्यावर ठेवले. जन्माच्या वेळी २ किलो ९०० ग्रॅम असलेले वजन ४ किलो १०० ग्रॅम झाले होते. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ हवी; ती पुरेपूर झाली होती. लघवी दिवसातून सात-आठ वेळा होत होती. शौचाच्या जागी चीर नव्हती, ताप नव्हता. बाई आजीला म्हणाल्या, "आजी, ओकण्याची काळजी सोडा. रक्ताचं तेवढं आपण नीट पाहू." मग ताईकडे वळून म्हणाल्या, "तू काय जेवतेस ते सांग आधी." ताईने सांगितले. बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून सगळं खायचं. फक्त दूध आणि दुधाचे पदार्थ तीन आठवडे बंद. पाजणं मात्र एक दिवसही बंद करायचं नाही."

ही परीक्षा कशी करतात, ते सांगतो म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण तिचा उत्तरार्ध बहुतेक जण विसरतात. पूर्वार्ध असा: दोन ते चार आठवडे आईने दूध, दही, ताक, लोणी, पनीर, खवा, पेढे, श्रीखंड आणि दुधाची भुकटी घातलेली बिस्किटे कटाक्षाने टाळायची. तुपात प्रथिन नाममात्र असते, तरी ते अगदी शून्य नसते. म्हणून तेवढे दिवस तेही बाजूला. म्हशीचे किंवा शेळीचे दूध हा पर्याय होत नाही, कारण त्यांतील प्रथिने गाईच्या दुधातल्यांशी इतकी मिळतीजुळती असतात की, बाळाचे शरीर बहुधा त्यांनाही तसाच विरोध करते. या काळात आईच्या कॅल्शियमची सोय पाहिली पाहिजे. पाजणाऱ्या आईला दिवसाला सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ते ३४० मिलिग्रॅमच्या वर असते. तीळ, राजगिरा आणि पालेभाज्या हातभार लावतात, आणि उरलेले डॉक्टर गोळीने भरून काढतात. आजीने अळिवाची खीर नारळाच्या दुधात केली, आणि ती नेहमीपेक्षा चांगली झाली!

उत्तरार्ध असा: लक्षण थांबल्यावर आईने दूध पुन्हा घ्यावयाचे आणि लक्षण परत येते का, ते पाहावयाचे. परत आले, तरच वावडे खरे. मग दुधाचे पदार्थ काही महिने टाळून, बाळ वर्षाचे होण्याच्या सुमारास डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा पाहतात. बहुतेक बाळांचे हे वावडे ओसरते. ही उलट परीक्षा लागते, कारण निरोगी बाळाच्या शौचातले असे रेघभर रक्त कित्येकदा काही न करताही थांबते.

ताईने दूध सोडले. आठवड्याच्या आत रक्त दिसेनासे झाले. ओकणे मात्र होते तसेच राहिले. "बघा, दूधच होतं!" असे सगळे म्हणाले, आणि खरे सांगते, मीही म्हणाले. तीन आठवडे संपल्यावर दूध पुन्हा घ्यायला ताईचा हात धजेना. आजीचा तर ठाम विरोध होता. बाई म्हणाल्या, "आजी, दोषी कोण ते ठरल्याशिवाय तिला वर्षभराची शिक्षा कशाला?" शेवटी ताईने एक कप चहा घेतला. दुसऱ्या दिवशी दोन, मग वाटीभर दही, मग पेलाभर दूध. पुढचे पंधरा दिवस मी प्रत्येक दुपटे उजेडात धरून पाहिले. रक्त पुन्हा आले नाही. दूध निर्दोष होते. उलट परीक्षा झाली नसती, तर आमच्या घराण्यात "या मुलाला दुधाचं वावडं" ही गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली गेली असती.

ओकण्यासाठी जे करता येते ते साधे आहे. पाजताना बाळाचे डोके पोटापेक्षा वर ठेवावे, पाजून झाल्यावर ढेकर काढून वीस-तीस मिनिटे उभे धरावे, लगेच पाळण्यात टाकून हलवू नये. झोपवावे मात्र पाठीवरच. दूध टाकते म्हणून पालथे झोपवणे धोक्याचे आहे. गुटी, मध किंवा पाणी देऊ नये. मध तर वर्षाच्या आत मुळीच नाही, कारण त्यातून क्वचित घातक विषबाधा होते. उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, दूध कारंज्यासारखे जोराने दूर उडत असेल, वजन थांबले असेल, लघवी कमी झाली असेल, पोट फुगले असेल, ताप असेल किंवा बाळ मलूल पडले असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. या खुणा घरातील प्रत्येकाला माहीत असाव्यात, पुरुषांनासुद्धा.

आमचे बाळ आठव्या महिन्यात बसू लागले आणि दूध टाकणे आपोआप थांबले. कोणी काही बंद केले नव्हते. अलीकडे आमच्या गल्लीत दुसरे एक तान्हे बाळ दूध टाकू लागले, तेव्हा आजी पाहायला गेली. मी सोबत होते. काय बंद करायला सांगते, म्हणून मी कान टवकारले. आजीने बाळाला हातात घेतले, वजनाचा अंदाज घेतला आणि त्याच्या आईला विचारले, "तू जेवलीस का गं?"