खळ्यातली जुनी जीप भंगारात द्यायच्या आधी हे वाचा

2017 साली मेक्सिकोतल्या एका भंगारखान्यात फोर्ड मस्टँगचा गंजलेला सांगाडा सापडला. घेणाऱ्याला त्यापासून वेगळीच गाडी बनवायची होती. चासिस नंबर तपासला आणि कळलं, ही तर 1968 च्या ‘बुलिट’ सिनेमात स्टंटसाठी वापरलेली मस्टँग! त्याच सिनेमातल्या दुसऱ्या मस्टँगला जानेवारी 2020 च्या लिलावात 34 लाख डॉलरची बोली लागली.

मध्यम आकाराची बॉडी, त्यात दांडगं व्ही-एट इंजिन आणि तरुणांना परवडेल अशी किंमत, ही मसल कारची ओळख. 1964 च्या पाँटियाक जीटीओपासून ही लाट आली असं मानतात. (मस्टँगला काही जण ‘पोनी कार’ म्हणतात. तो वाद सध्या राहू द्या.)

मग अशा गाड्या आपल्याकडे का दिसत नाहीत? कारण ती लाट आली तेव्हा आपलं दार बंद होतं. जनरल मोटर्सनं 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती, पण 1954 मध्ये तो कारखाना बंद झाला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ जोडल्या, पण त्याही मसल कारच्या आधीच्या. पुढे परदेशी गाडी आणणं सामान्य माणसासाठी जवळपास अशक्यच झालं.

पण एक अमेरिकन गाडी थेट पिंपळनेर-साक्रीच्या घाटरस्त्यांपर्यंत पोचली. जीप! महिंद्रानं 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला घेतली आणि उंच बॉनेटची सीजे-थ्रीबी पुढे कित्येक वर्षं बनवली. आपल्या भागात तिनं शेतमाल वाहिला, वऱ्हाड वाहिलं, टपावर आणि मागे लटकून माणसंही वाहिली. आज अशीच एखादी जीप कुणाच्या तरी खळ्यात, कडब्याच्या गंजीआड उभी असते आणि भंगारवाला वजनावर भाव सांगून जातो.

तिची किंमत वजनावर नसते. आधी जाळी मोजा. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी असतात, नंतरच्या सीजे मॉडेलला सात. नऊ निघाल्या तर खाली वाकून दोन्ही चासिस पट्ट्यांना जोडणारा पुढचा आडवा दांडा पाहा. गोल नळीसारखा असेल तर चासिस विलीजची, उलट्या ‘यू’ आकाराचा असेल तर फोर्डची. फोर्डनं तर बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ अक्षर ठोकलं होतं. मात्र इतक्या वर्षांत एकीची चासिस आणि दुसरीची बॉडी असं पुष्कळदा झालेलं असतं, त्यामुळे एकाच खुणेवर नाचू नका.

खरी गोम इंजिनात आहे. पेट्रोल परवडेना म्हणून अनेकांनी मूळ इंजिन काढून डिझेल बसवलं. तेव्हाच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. पण जुलै 2021 मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते, पण चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणजे दोन सारख्या दिसणाऱ्या जीपपैकी एक वारसा ठरते आणि दुसरी नुसती जुनी गाडी. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये लागतात, मुदत 10 वर्षांची, आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. आधीच नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. पण ही गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच. रोज बाजाराला न्यायची किंवा भाड्यानं लावायची नाही.

म्हणून काढलेलं पेट्रोल इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात पडलं असेल तर आधी ते वाचवा. जाम इंजिनाला उत्साहानं स्टार्टर मारू नका. प्लग काढून भोकांतून डिझेल आणि ऑइलचं मिश्रण सोडा, काही दिवस मुरू द्या, मग हँडलनं हळूहळू फिरवून पाहा. लष्करी जीपची वायरिंग मुळात 6 व्होल्टची असते, तिला 12 ची बॅटरी लावली तर बल्ब गेलेच समजा. खोलण्याआधी प्रत्येक भागाचे मोबाइलवर फोटो काढा. जीपचे पार्ट भारतातच वर्षानुवर्षं बनत राहिले, त्यामुळे गिअरबॉक्सचं सामान शोधणं मस्टँगच्या मानानं सोपं. पत्र्याचं काम जाणणारा, घाई न करणारा डेंटर मिळणं अवघड.

आणि सगळ्यात आधी आजोबांच्या ट्रंकेत आरसी बुक शोधा. इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद तिथेच सापडेल. ते बुक घेऊन धुळ्याच्या आरटीओत एक चक्कर मारा. तोवर भंगारवाल्याला उद्या या म्हणून सांगा.