घरातले वायफाय आणि टेलचे पाणी
— ऊस विकास अधिकारी



खत-बेण्याच्या पानावर वायफायचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पण हल्ली गटात फिरताना लागणीच्या चौकशीइतकीच ही तक्रार कानावर येते : "साहेब, नेट घेतलंय, महिन्याला पैसे भरतोय, पण सोप्याच्या पुढं काय ते चालत नाही." ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शिवारात रेंज नसली की तिथे काढलेले फोटो घरी येऊन अपलोड करायचे, आणि नेमके तिथेच चक्र फिरत बसते. मुदत टळली की पिकाची नोंद राहून जाते. तेव्हा विषय आपल्या कामाचाच आहे.

नेट अडले की आपण म्हणतो, प्लॅन वाढवू. थांबा! टेलच्या सरीला पाणी पोहोचत नाही म्हणून कोणी लगेच नवी विहीर पाडत नाही. आधी विहिरीत पाणी किती, पाटात मुरते किती, हे बघतो. इथेही तसेच करावे.

राउटरला लॅपटॉप वायरने जोडून वेग मोजा. लॅपटॉप नसेल तर राउटरपासून पाच-सहा फुटांवर उभे राहून मोबाईलवर मोजा. मग मागच्या खोलीत जाऊन पुन्हा मोजा. सकाळी एकदा, रात्री आठला एकदा. आकडे वहीत लिहा. राउटरजवळच वेग कमी असेल तर बहुधा लाइनचा दोष. आकडे दाखवून तक्रार करा. जवळ भरपूर आणि मागे नाही, तर दोष घरातला. मोठा प्लॅन घेऊनही तो जाणार नाही.

मोजताना एक ध्यानात ठेवा. ४० चा प्लॅन म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून फाइल उतरते ती फार तर सेकंदाला ५ मेगाबाइट. ही फसवणूक नव्हे, मापातला फरक आहे.

आता घरातले उपाय :

१) राउटर कोपऱ्यात, लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीमागे ठेवू नये. घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळा ठेवावा. काळ्या दगडाची जाड भिंत, स्लॅब, पत्रा आणि पाण्याची टाकी लहरी अडवतात.

२) बहुतेक राउटरमधून दोन पट्टे निघतात. २.४ गिगाहर्ट्झचा लांब जातो, पण वेगाने कमी. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो. जवळच्या खोलीत ५, मागच्या खोलीत २.४ वापरावा.

३) एका चॅनेलवर एका वेळी एकच बोलतो, बाकीचे पाळीची वाट बघतात. शेजाऱ्याचे वायफाय त्याच चॅनेलवर असेल तर तोही पाळीत येतो. २.४ मध्ये १, ६ आणि ११ ही चॅनेले एकमेकांत शिरत नाहीत. त्यातले मोकळे निवडावे.

४) रिपीटर बसवायचा तर अर्ध्या वाटेवर, जिथे रेंज चांगली आहे तिथे. कोरड्या पाटावर पंप बसवून काय उपसणार? एकाच पट्ट्यावर घेणारा आणि देणारा साधा रिपीटर वेग निम्म्यावर आणतो. त्यापेक्षा मागच्या खोलीपर्यंत वायर ओढून दुसरा राउटर बसवणे खात्रीचे. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते.

५) वीज जाते-येते तिथे राउटरला छोटा यूपीएस लावावा. व्होल्ट अडॅप्टरवर लिहिलेलेच घ्यावे. पुढची यंत्रणा चालू असेल तर नेट तुटत नाही.

यातली पहिली तीन कामे बिनपैशाची आहेत. ती आधी करून पुन्हा मोजा. त्यानंतरही लाइनच अपुरी ठरली, तरच प्लॅन वाढवा. उसाचे पैसे घामाचे आहेत, ते पाटात मुरू देऊ नका.