शेतातलं नत्र जातं कुठं?

तुरीचं किंवा भुईमुगाचं एक रोप मुळासकट उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी रंग असेल तर समजा, तिथं काम चालू आहे.

काम कसलं? हवेत १०० भागांपैकी ७८ भाग नत्र असतं. नत्र हे पिकाचं अन्न. नत्रामुळं पान हिरवं होतं, दाणा भरतो. पण हवेतलं नत्र पिकाला जसंच्या तसं घेता येत नाही. गाठीत राहणारे सूक्ष्म जीव ते पकडतात आणि पिकाला देतात.

पूर्वी गावातलं बरंचसं नत्र गावातच फिरायचं. कडबा गुरं खायची. शेण उकिरड्यात जायचं. उकिरड्याचं खत पुन्हा शेतात यायचं.

मग माणसानं नवी वाट काढली. जर्मनीत फ्रिट्झ हाबर या शास्त्रज्ञानं १९०९ साली हवेतलं नत्र पकडून दाखवलं. १९१३ साली तिथं कारखाना निघाला. आपल्या देशात १९५१ साली सिंद्री इथं मोठा सरकारी खत कारखाना सुरू झाला. आज युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २० किलो नत्र मिळतं. त्यानं धान्य वाढलं. हे उपकार विसरून चालणार नाही.

पण टाकलेल्या युरियातलं साधारण निम्मंच नत्र पिकाला लागतं. बाकीचं कुठं जातं? काही हवेत उडतं. काही पावसाबरोबर ओढ्याला जातं. काही पाण्यात विरघळून खोल उतरतं आणि विहिरीला मिळतं.

पिकानं घेतलेलं नत्र धान्यातून शहरात जातं. तिथून सांडपाण्यात, आणि पुढं नदीत. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात उतरतं. पाण्यावर जलपर्णी माजते, ती असल्याच खतावर.

विहिरीत उतरलेल्या या नत्राला नायट्रेट म्हणतात. त्याला रंग नाही, वास नाही. पिण्याच्या एक लिटर पाण्यात ते ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं प्रमाण ठरलेलं आहे. जास्त झालं तर तान्ह्या बाळाला धोका असतो. अशा पाण्यात कालवलेलं वरचं दूध पाजलं, तर बाळाच्या रक्तात प्राणवायू नीट वाहून नेला जात नाही. बाळ निळसर पडतं. जिवावरही बेततं.

पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. म्हणून विहिरीचं पाणी तपासून घ्या. पहिले सहा महिने बाळाला आईचंच दूध पाजा. बाळ निळसर दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

मग युरिया टाकूच नये का? तसं नाही. आधी माती तपासा. लागेल तेवढाच टाका, तोही दोन-तीन हप्त्यांनी. मोठा पाऊस येणार असेल तर थांबा. ज्वारी-बाजरीत तुरीच्या ओळी घ्या. उकिरडा विहिरीपासून लांब ठेवा.

पिकाला नको असलेलं खत आपण टाकलं, तर ते वाया तर जातंच, वर आपल्याच घागरीत येतं.